बंदुकीतला वारा आणि बाटलीवरची तारीख



जत्रेतली फुगे फोडण्याची बंदूक तुमच्यापैकी बहुतेकांनी हातात घेतली असेल. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात. दुकानदार बंदूक मधोमध मोडतो, नळीत एक छरा बसवतो, बंदूक पुन्हा सरळ करतो आणि आपल्या हातात देतो. चाप ओढला की ‘फट्’ असा आवाज होतो. नेम लागला तर फुगा फुटतो, न लागला तर बंदुकीची नळी वाकडी आहे असे म्हणून आपण पुढच्या दुकानाकडे वळतो. या बंदुकीत दारू नसते, ठिणगी नसते, धूरही नसतो. छऱ्याला पुढे ढकलतो तो निव्वळ वारा.

याच वाऱ्याच्या जोरावर आपल्या ठाण्याच्या एका मुलाने जग जिंकले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी इजिप्तमधील कैरो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रुद्रांक्ष पाटील याने १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. या प्रकारात जगज्जेता ठरलेला तो अभिनव बिंद्रानंतरचा दुसरा भारतीय. पुढच्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने याच प्रकारात जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळवले. त्या तिघांतही तो होता. आपल्याच गावच्या मुलाने एवढे करून दाखवल्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांना या खेळाचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही. शिवाय प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या, खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या आणि गॅसवर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकाही आता मुलांच्या पाहण्यात येतात.

मग पहिला प्रश्न येतो तो ठरलेला : “कोणत्या बंदुकीत जोर जास्त?”

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. बंदुकीतला दाब कुठून येतो, आपल्या मे महिन्यात आणि आपल्या जुलै महिन्यात तो कसा वागतो, आणि त्या दाबाची देखभाल कोण करणार, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे नीट दिली, तर बंदुकीची निवड आपोआप होते. आणि ती बहुधा सर्वांत जोरदार बंदुकीची नसते.

जोराचे म्हणाल तर जागतिक स्पर्धेतल्या रायफलीतून सुटणारा छरा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. गणित केलेत तर उत्तर सात-साडेसात ज्यूल येईल. एक किलोची पिशवी कमरेच्या उंचीवरून खाली पडताना यापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन पडते. पण लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठायचा तर साठच्या साठ छरे एकाच वेगाने सुटले पाहिजेत. थोडक्यात, इथे जोरापेक्षा सारखेपणाला किंमत आहे.

आता दाब मिळवण्याचे मार्ग पाहू. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग स्नायूंचा. जत्रेतल्या बंदुकीत आपण नळी मोडतो तेव्हा आत एक दणकट स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छऱ्यामागे लागते. याच घराण्यातली दुसरी बंदूक अशी, की तिच्या तरफेच्या एका ओढीने हवा दाबून एका लहानशा कोठीत कोंडली जाते आणि चाप ओढल्यावर झडप उघडून सोडली जाते. हिच्यात धावणारा दट्ट्या नसल्यामुळे हिसका बसत नाही. दोन्हींत नेम धरण्याआधी प्रत्येक वेळी हाताला श्रम पडतात. पण दाब जन्मतो तो त्या क्षणापुरताच. कपाटात ठेवलेल्या बंदुकीत काहीही साठलेले नसते.

दुसरा मार्ग द्रवरूप वायूचा. कार्बन डायऑक्साइड हा वायू दाबाखाली द्रव होतो. तो लहानशा लोखंडी कुपीत भरतात. १२ ग्रॅमची कुपी अंगठ्यापेक्षा फारशी मोठी नसते. खेळण्यातल्या गॅसच्या बंदुकीत प्रोपेन किंवा आर-१३४ए नावाचा शीतयंत्रात वापरला जाणारा वायू असतो. ‘ग्रीन गॅस’ या गोंडस नावाने जो डबा विकला जातो, त्यात बहुधा प्रोपेन आणि थोडे सिलिकॉन तेल असते. प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधील दोन मुख्य घटकांपैकी एक; दुसरा ब्युटेन.

तिसरा मार्ग दाबून भरलेल्या साध्या हवेचा. रायफलीच्या नळीखाली एक लांबट बाटली असते आणि तिच्यात २०० बारपर्यंत दाबाने हवा भरलेली असते. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब. तेव्हा २०० बार म्हणजे त्याच्या दोनशेपट. बाटली आणि नळी यांच्यामध्ये एक नियंत्रक बसवलेला असतो. बाटलीत दाब २०० असो वा १२०, तो पुढे सोडतो एका ठरावीक दाबाचीच हवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या स्पर्धांत याच रायफलींनी द्रवरूप वायूच्या रायफलींना मागे टाकले.

असे का झाले? उत्तर आपल्या हवामानातच सापडेल.

द्रवरूप वायूचा दाब बाटली किती भरलेली आहे यावर ठरत नाही, तर तापमानावर ठरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब ० अंशाला ३५ बार, १० अंशांना ४५, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२ बार असतो. म्हणजे सकाळी आणि दुपारी एकच बंदूक दोन निरनिराळ्या बंदुकांसारखी वागते. एवढेच नाही. द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषून घेतो. भराभर छरे मारले तर कुपी गार पडते, गार पडली की दाब उतरतो आणि छरा मंदावतो. अंगावर फवारायच्या सुगंधाचा डबा थोडा वेळ दाबून धरला तर हाताला गार लागतो, तो याच कारणाने.

१८६९ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे टॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाब दिला तरी कार्बन डायऑक्साइड द्रव होत नाही. याला त्या वायूचे क्रांतिक तापमान म्हणतात. बेलफास्टमध्ये ३१ अंश क्वचितच होतात. आपल्याकडे मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीचा पारा चाळिशीच्या आसपास पोचतो! तिथे कुपीत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. सगळी जागा एकाच दाट वायूने भरते आणि पुरेशा भरलेल्या कुपीत ४० अंशांना दाब १०० बारच्याही पुढे जाऊ शकतो. मग उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत काय होत असेल, याची कल्पना करा.

आता साध्या हवेची बाटली घ्या. २७ अंशांना २०० बार असेल, तर ४२ अंशांना किती? केल्व्हिन मापाने ३०० चे ३१५ झाले, म्हणजे दाब पाच टक्क्यांनी वाढून २१० बार झाला. नियंत्रकामुळे छऱ्याला हा फरक कळतही नाही. शिवाय हवेच्या बाटलीचा दाबमापक प्रामाणिक असतो. काटा २०० वरून १०० वर आला, म्हणजे निम्मी हवा संपली. द्रवरूप वायूत शेवटचा थेंब असेपर्यंत काटा हलत नाही. म्हणून तर घरचा गॅस सिलिंडर दाब पाहून नव्हे, वजन करून घ्यावा लागतो : रिकाम्या सिलिंडरचे वजन अधिक १४.२ किलो.

मे महिन्याच्या परीक्षेत हवा पहिली आली. पण जुलैची परीक्षा बाकी आहे, आणि तिथे हवाही सहज नापास होऊ शकते.

पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत किती पाणी असते ते पाहू. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर ती २७ ग्रॅम भरेल. २०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० बार दाबाने हवा भरायची, तर बाहेरची सुमारे ४० लिटर हवा आत कोंबावी लागते. तिच्याबरोबर एक ग्रॅमहून थोडे अधिक पाणी येते. मात्र २०० मिलिलिटर जागेत वाफेच्या रूपात एका ग्रॅमचा शंभरावा भागही राहू शकत नाही. उरलेल्याचे पाणी होते. म्हणजे प्रत्येक भरणीला सुमारे वीस थेंब! पंपाला पाणी अडवणारा गाळक नसेल, तर हे थेंब बाटलीत साठतात, आतून गंज धरतो, झडप बिघडते. बाहेरून बाटली चकचकीतच दिसते.

देखभालीचे नियम या शास्त्रातूनच निघतात, पाठ करावे लागत नाहीत. हवा कोरडी आणि गाळलेलीच भरावी. भरणी सावकाश करावी. सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, तशीच ही बाटलीही तापते आणि निवल्यावर काटा खाली येतो. उच्च दाबाच्या जागी साधे तेल कधीही घालू नये, कारण एकदम दाबलेली हवा इतकी तापते की तेलाचा धूसर फवारा पेट घेऊ शकतो. रबरी वायसरांना सिलिकॉनचे ग्रीसच चालते. आणि हवेच्या जागी प्राणवायू भरण्याचा विचारही मनात आणू नये. दाबाखालचा प्राणवायू आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट ठरलेला. बाटली अगदी रिकामी करून ठेवू नये, नाहीतर बाहेरचा दमटपणा आत शिरतो. स्प्रिंगच्या बंदुकीचे दोन वेगळे नियम आहेत. ती ताणून ठेवू नये, आणि छरा नसताना चाप ओढू नये, कारण मध्ये हवेची गादी न राहिल्यामुळे दट्ट्या थेट भिंतीवर आदळतो.

देखभाल नसेल तर उत्तम यंत्रही वाया जाते, याला इतिहासाची साक्ष आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने वाऱ्यावर चालणारी रायफल वापरात आणली होती. तिच्या दस्त्यातच हवेची कोठी असे आणि ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. ती सलग अनेक गोळ्या झाडू शकत होती. त्या काळी ही मोठीच गोष्ट. पण तिची चामडी वायसरे सतत ओली ठेवावी लागत आणि कोठ्या घडवणे व नीट ठेवणे अवघड होते. काही दशकांतच ती रायफल मागे पडली. ती हरली ती शत्रूपुढे नव्हे, वायसरापुढे.

येथे काही पालक आणि शिक्षक म्हणतील, “मुलांना हे सांगावेच कशाला? बंदूक हातात न देणे हाच खरा उपाय.” ही शंका मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. प्लास्टिकची ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा एकच ज्यूल भरते, पण डोळा कायमचा जायला ती पुरेशी आहे. चष्म्याशिवाय आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय असल्या बंदुकीला हात लावू नये, आणि रिकामी आहे असे वाटले तरी तिचे तोंड कोणाकडे वळवू नये, हे मी निक्षून सांगेन. पण केवळ ‘नको’ म्हटल्याने कुतूहल मरत नाही. ते गच्चीवर जाते. तिथे एखादा हुशार मुलगा विचार करतो, की डब्यातला गॅस महाग आणि घरच्या सिलिंडरमध्ये तर तोच प्रोपेन. मग नळी जोडून भरला तर काय बिघडले?

बिघडते ते असे. हा वायू हवेच्या दीडपट किंवा त्याहून जड असतो. तो गळला तर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्के झाले तरी एका ठिणगीला तो पेटतो, आणि दिव्याच्या बटणातली ठिणगीही त्याला पुरते. एका खोलीत असा प्रयोग करणारा मुलगा स्वतःपुरता धोका पत्करत नसतो, साऱ्या चाळीचा पत्करत असतो. ज्याला हे कारण समजले तो कोणी न सांगताही थांबेल. ज्याला फक्त धाक दाखवला, तो कोणी बघत नाही अशी वेळ शोधेल. म्हणून मी सांगण्याच्या बाजूचा आहे.

हवा पेटत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असेही समजू नका. २०० मिलिलिटरच्या त्या बाटलीत २०० बार दाबाखाली सुमारे आठ हजार ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. ८० किलोचा माणूस दहा मीटर उंचीवरून पडावा तेवढी. छऱ्याच्या ऊर्जेच्या ती हजारपट आहे. खरे सामर्थ्य छऱ्यात नसून बाटलीत आहे, आणि आपण सगळे लक्ष मात्र नळीच्या तोंडाकडे देतो.

बाटलीकडे लक्ष देणे म्हणजे काय? तर तिच्यावरची तारीख वाचणे. धातू थकतो, गंजतो, पुन्हा पुन्हा भरल्या-रिकाम्या होण्याने त्याला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून दाबाच्या प्रत्येक भांड्याला वय ठरवून दिलेले असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमानुसार रायफलीची बाटली जास्तीत जास्त दहा वर्षे वापरता येते, आणि ती मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची असते; प्रशिक्षकाची नाही, दुकानदाराचीही नाही. मला हा नियम फार आवडतो.

ही सवय लावून घ्यायला रायफल लागत नाही. घरच्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील उभ्या पट्ट्या आतून पाहा. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२८’ असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. डोंबिवली स्थानकाबाहेर जी रिक्षा तुम्ही पकडता तिच्यातली सीएनजीची टाकीही सुमारे २०० बारपर्यंतच भरतात, म्हणजे जगज्जेत्याच्या रायफलीएवढ्याच दाबाने. त्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी लागते. देशभरच्या अशा सिलिंडरांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण नागपूरचा अधिकारी काही तुमच्या ओट्याखाली वाकून पाहणार नाही. तिथे तुम्हीच वाकले पाहिजे.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. नवशिक्याने स्प्रिंगची किंवा एका ओढीत हवा कोंडणारी रायफल घ्यावी, आणि तीही शक्यतो क्लबची. हात बसला, स्पर्धेची ओढ लागली, की दाबलेल्या हवेकडे वळावे, मात्र भरणी कोरडी हवा देणाऱ्या क्लबातच करावी. हा मार्ग खर्चाचा आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच तो एकेकट्याने नव्हे, क्लबाने किंवा शाळेने मिळून चालण्याचा आहे. द्रवरूप वायूच्या कुप्या आणि डबे आपल्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या हाती नसावेत. आणि बंदूक कोणतीही असो, तिच्यासाठी एक वही असावी : बाटली केव्हाची, मुदत कधी संपते, भरणी केव्हा केली, त्या दिवशी तापमान किती होते, वायसर कधी बदलला.

शिक्षकांनाही एक विनंती. वायूंचे नियम फळ्यावर शिकवून झाले, की वर्गाला एक गृहपाठ द्यावा. प्रत्येकाने घरच्या सिलिंडरवरची तारीख मोठ्या माणसांच्या देखत वाचून आणावी आणि ३० व ४० अंशांना आतला दाब का वेगळा असेल ते चार ओळींत लिहावे. एखाद्या घरी मुदत उलटलेला सिलिंडर निघाला, तर तो बदलून मागायला पालकांना सांगावे. त्या दिवशी त्या मुलाने एकही छरा न मारता अचूक नेम साधला, असे मी म्हणेन.